फ्री डिशचा कार्यक्रम हुकतोय? घरीच रेकॉर्ड करा, मोबाईलचा डेटा लागत नाही

धारा काढायच्या वेळी सह्याद्रीवरचा किंवा डीडी किसानवरचा शेतीचा कार्यक्रम लागला, तर तो हुकतोच. मग युट्यूबवर शोधत बसा आणि डेटा घालवा. त्यापेक्षा घरच्या छत्रीवरूनच रेकॉर्ड करता येते. त्यासाठीचे 'टीव्हीहेडएंड' हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट.

काय लागते?
– फ्री डिशची छत्री. सेटटॉप बॉक्सही चालू ठेवायचा तर दोन आउटपुटचा एलएनबी.
– लिनक्सवर चालणारा डीव्हीबी-एस२ यूएसबी ट्यूनर, स्वतःच्या अडॅप्टरसह. लिनक्सवर चालतो का, हे घेण्याआधीच विचारा.
– रास्पबेरी पाय, पेन ड्राइव्ह, वायफाय राउटर.

कसे बसवायचे?
१. पायवर 'लिब्रेएलेक' टाका. त्याच्या अॅड-ऑनमध्ये टीव्हीहेडएंड सर्व्हर मिळतो.
२. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये पायचा आयपी पत्ता आणि पुढे :९९८१ टाका (आकडे इंग्रजीत).
३. डीव्हीबी-एस नेटवर्क तयार करा, ट्यूनर चालू करा, एलएनबीला 'युनिव्हर्सल' निवडून ते नेटवर्क जोडा.
४. मक्स म्हणजे फ्रिक्वेन्सी. ती सेटटॉप बॉक्सच्या मेनूत बघून भरा. बहुतेक जण इथेच अडकतात. बॉक्स ११०९० दाखवत असेल तर इथे ११०९०००० लिहायचे. सिम्बॉल रेटलाही तसेच तीन शून्य जादा.
५. स्कॅन झाल्यावर सर्व्हिसेस 'मॅप' करा. चॅनेल दिसतील.
६. रेकॉर्डरच्या 'टायमर'मध्ये वार, वेळ टाका. पाच मिनिटे आधी-नंतर जास्त ठेवा.

रेकॉर्डिंग मोबाईलवर व्हीएलसीने बघा. घरच्या वायफायवर इंटरनेट नसले तरी चालते. २ मेगाबिटचे चॅनेल तासाला ९०० एमबी जागा घेते.

हे ध्यानात ठेवा
एका ट्यूनरवर एकावेळी एकच फ्रिक्वेन्सी लागते. त्या फ्रिक्वेन्सीवरची दोन-तीन चॅनेल मात्र एकदम रेकॉर्ड होतात. लॉक केलेली चॅनेल यात दिसणार नाहीत.

लाईटचे बघा. पाय ४ किंवा त्याआधीच्या पायमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाईट जाऊन आली की वेळ चुकते. माझे पहिले रेकॉर्डिंग असेच गेले, कार्यक्रमाऐवजी भलतेच निघाले. आता लाईट आली की दोन मिनिटे मोबाईलचा हॉटस्पॉट देतो, वेळ आपोआप जुळते. टाइमझोन भारताचा ठेवा, नाहीतर साडेपाच तासांचा फरक पडतो. जमल्यास इन्व्हर्टरवर जोडा.

रेकॉर्डिंग घरापुरतेच ठेवा, गावात वाटू किंवा विकू नका.