गर्वावर विजय : संत जोसेफ वाझ यांचें दास्यव्रत

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाचा इतिहास आठवावा, ज्यांनीं हें देऊळ उभारिलें त्या पूर्वजांचें स्मरण करावें व परमेश्वराचे आभार मानावे, हें सर्वथा योग्य आहे. परंतु अशाच प्रसंगीं एक शत्रु पाऊल न वाजवितां देवळांत शिरतो. त्याचें नांव गर्व. आमचें देऊळ जुनें, आमचें घराणें मानाचें, घंटा आमच्या आजोबांनीं दिली, सणाचा मान आमच्या वाड्याचा, असे उद्गार आम्हीं सर्वांनीं ऐकिले आहेत, आणि खरें सांगावयाचें तर काढिलेही आहेत. सात मुख्य पापांच्या मालिकेंत गर्वास पहिलें स्थान मिळालें तें उगीच नव्हे. इतर पापें मनुष्याच्या दुर्बलतेवर वाढतात. गर्व मात्र त्याच्या सत्कृत्यांवरही पोसला जातो. म्हणून या स्मरणिकेंत, आपल्याच किनाऱ्यावर जन्मलेल्या व गर्वास पुरतें जिंकलेल्या एका पुरुषाचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संत जोसेफ वाझ यांचा जन्म इ. स. १६५१ च्या एप्रिलच्या २१ व्या तारखेस गोव्यांतील साष्टी प्रांतांत, बाणावली या आजोळच्या गांवीं झाला. वडिलांचें गांव सांकवाळ. घराणें श्रद्धाळू ख्रिस्ती, परंतु मूळचें ब्राह्मण. बाप्तिस्म्यानें धर्म पालटला, तरी जातीचा अभिमान घराचा उंबरठा सोडून गेला नव्हता. पोर्तुगीजांस आपल्या रक्ताचा गर्व. त्यांच्या संन्यस्त संघांची द्वारें देशी लोकांस बहुधा बंद असत. आणि देशी ख्रिस्ती लोकांत पुन्हा उच्चनीच कुळांचा भेद. वरच्यानें केलेला अपमान सोसावा व तोच खालच्यावर उगवावा, अशी ती गर्वाची उतरंड होती. या उतरंडींत तरुण जोसेफ बऱ्याच वरच्या पायरीवर जन्मले होते, हें ध्यानांत ठेविल्यावांचून त्यांच्या पुढील आचरणाचा अर्थ कळावयाचा नाहीं.

इ. स. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. तेव्हांपासून ते गरिबांप्रमाणें अनवाणी चालूं लागले. पुढील वर्षीं, ५ ऑगस्ट १६७७ रोजीं, त्यांनीं स्वतःचें एक दास्यपत्र लिहून पवित्र मरियेस अर्पण केलें व आपण तिचे कायमचे दास झालों असें त्यांत नमूद केलें. हा शब्द आज आम्हांस केवळ भक्तिभावाचा वाटतो. परंतु त्या काळच्या गोव्यांत गुलामांची उघड खरेदीविक्री होत असे. दास म्हणजे ज्याचें स्वतःचें कांहीं नाहीं असा मनुष्य, हें तेथील प्रत्येक जण रोज डोळ्यांनीं पाहत होता. उच्च कुळांतील धर्मगुरूनें तेंच नांव स्वखुशीनें स्वीकारावें, यांत केवढा धडा होता!

इ. स. १६८१ ते १६८४ पर्यंत त्यांनीं कॅनरा प्रांतांत मंगळूर, बसरूर, गंगोळी या बाजूस धर्मसेवा केली. परत आल्यावर, १६८५ सालीं, जुन्या गोव्यांत चमत्कारी क्रुसाच्या देवळापाशीं एकत्र राहून प्रार्थनामय जीवन घालविणाऱ्या कांहीं देशी धर्मगुरूंस ते जाऊन मिळाले. लौकरच त्यांची प्रमुखपदीं निवड झाली व संत फिलिप नेरी यांच्या नियमास अनुसरून ओरेटरी स्थापन झाली. परक्यांनीं दार लाविलें म्हणून कुढत न बसतां देशी धर्मगुरूंनीं स्वतःचें घर बांधिलें, ही गोष्ट खरोखर स्तुत्य होय.

परंतु इतिहास लिहितांना सत्य झांकूं नये. या ओरेटरीनेंही ब्राह्मण कुळांतील धर्मगुरूंसच आपल्यांत घेण्याची रूढि पाळिली. ज्या गर्वानें परक्यांनीं आपणांस बाहेर ठेविलें, तोच आपल्या दारीं द्वारपाल होऊन बसला. संस्थापकानें जिंकलेला शत्रु संस्थेस जिंकतां आला नाहीं. एका पिढीची नम्रता दुसऱ्या पिढीस वारशानें मिळत नाहीं, ती प्रत्येकास नव्यानें मिळवावी लागते, ही गोष्ट यावरून शिकावयाची.

फादर वाझ मात्र प्रमुखपदीं फार दिवस राहिले नाहींत. सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, येथें वलंदेजांनीं सत्ता मिळविल्यावर कॅथलिक धर्मगुरूंस बंदी केली होती. इ. स. १६५८ मध्यें जाफना वलंदेजांच्या हातीं गेलें, तेव्हांपासून तेथील भाविक सुमारें तीस वर्षें धर्मगुरूवांचून दिवस काढीत होते. हें ऐकून फादर वाझ यांनीं प्रमुखपद सोडिलें व जॉन नांवाच्या सेवकासह १६८६ सालीं गोव्याहून प्रयाण केलें. पुढील वर्षीं ते मजुराच्या वेषांत जाफन्यास उतरले. प्रवासाच्या हालांनीं आमांश जडून ते मरणोन्मुख झाले. बरे होतांच त्यांनीं गळ्यांत मोठी जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागूं लागले. ती माळ पाहून कोणाच्या मुद्रेवर ओळख उमटते, हें ते न्याहाळीत. अशा रीतीनें त्यांनीं विखुरलेला कळप शोधून काढिला. वेष केवळ युक्तीचा असता तर तो रात्रीं उतरून ठेवितां आला असता. परंतु ते खरोखरीच भिक्षेवर जगले.

इ. स. १६९२ सालीं ते कँडीच्या राज्यांत गेले. तेथें पोर्तुगीजांचे हेर असा आरोप येऊन त्यांस कैद झाली. तुरुंगांतच त्यांनीं झोपडीवजा प्रार्थनामंदिर उभारिलें. पुढें राजा दुसरा विमलधर्मसूर्य यानें त्यांस मोकळीक दिली. इ. स. १६९७ मध्यें कँडींत देवीची भयंकर सांथ आली. राजा व सरदार नगर सोडून गेले, आप्तांनीं रोगी रानांत टाकिले. फादर वाझ व त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो यांनीं त्या रोग्यांसाठीं छपरें घातलीं, त्यांचीं व्रणें धुतलीं, त्यांस अन्न भरविलें आणि मेलेल्यांस मूठमाती दिली. बौद्ध कोण व ख्रिस्ती कोण, हा प्रश्न त्यांनीं केला नाहीं. कुळाच्या अभिमानास ज्या कामाचा विटाळ वाटावा, तेंच काम या दासानें आपलें मानिलें. त्या सेवेनें राजाचें मन जिंकिलें व धर्मकार्यास मोकळी वाट मिळाली.

पुढें पोपमहाराजांच्या प्रतिनिधीनें त्यांस बिशपपद देऊं केलें, तें त्यांनीं नाकारिलें. १६ जानेवारी १७११ रोजीं, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं, कँडी येथें त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या थडग्याची नेमकी जागा आज कोणास ठाऊक नाहीं. ज्यानें हयातींत स्वतःचें म्हणून कांहीं राखिलें नाहीं, त्याच्या नांवें साडेतीन हात भूमीही उरली नाहीं. पवित्र ख्रिस्तसभेनें मात्र त्यांस विसरूं दिलें नाहीं. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २१ जानेवारी १९९५ रोजीं त्यांस धन्य म्हणून, व पोप फ्रान्सिस यांनीं १४ जानेवारी २०१५ रोजीं संत म्हणून घोषित केलें. दोन्ही समारंभ कोलंबो येथेंच झाले.

या चरित्रावरून आम्हांस एवढें समजतें कीं, नम्रता म्हणजे स्वतःविषयीं हलकें बोलणें नव्हे. फादर वाझ विद्वान होते, चार लोकांचे नेते होते, आणि आपल्या अंगच्या गुणांचा त्यांनीं पुरेपूर उपयोग केला. परंतु जेथें आपली गरज आहे तेथें, सर्वांत खालच्या जागीं, त्यांनीं आपलें पाऊल ठेविलें. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूनें दाखविलेला मार्ग हाच होय. मी कांहींच नाहीं असें म्हणत मानाच्या खुर्चीवर बसणें सोपें. कोणी न पाहतां रोग्याचें अंथरूण बदलणें अवघड.

म्हणून, वाचकहो, ज्युबिलीच्या दिवशीं आपल्या देवळाकडे पाहतांना एक प्रश्न आपण स्वतःस विचारूं. या दारांतून कोणी आमच्या कुळामुळें, आमच्या भाषेमुळें किंवा आमच्या तोऱ्यामुळें परत तर गेला नाहीं ना? गेला असेल, तर त्याच्या घरीं आधीं पाऊल आपण टाकूं. देणगीदारांचीं नांवें दगडावर कोरलीं जातील, आणि तें ठीकच आहे. परंतु ज्यांनीं पहांटे उठून हें देऊळ झाडिलें, ज्यांनीं प्रेताला खांदा दिला, ज्यांचीं नांवें कोणत्याही दगडावर नाहींत, त्यांचें स्मरणही आजच्या मिस्साबलींत होवो. संत जोसेफ वाझ त्यांच्याच रांगेंत उभे आहेत.