साइटमॅप

संकेतस्थळावरील पानांचे पत्ते शोधयंत्रांना एकगठ्ठा कळवणारी एक्सएमएल स्वरूपातील यादी. शोधयंत्राचा क्रॉलर एरवी दुव्यावरून दुव्यावर जात नवी पाने शोधतो. ज्या पानाकडे एकही दुवा जात नाही, ते त्याच्या नजरेतून सुटते. ही उणीव भरून काढण्यासाठी गूगलने जून २००५ मध्ये ही पद्धत आणली. नोव्हेंबर २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनीही तिला मान्यता दिली. प्रतिस्पर्ध्यांनी एकच नमुना स्वीकारल्यामुळे प्रत्येकासाठी वेगळी यादी करण्याचा त्रास वाचला, ही मोठीच सोय झाली.

एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते मावतात. आरएसएस व ॲटम फीडही साइटमॅप म्हणून चालतात. मात्र त्यांत बहुधा अलीकडचाच मजकूर असतो, त्यामुळे जुन्या पानांसाठी पूर्ण यादी लागतेच. फाइल यूटीएफ-८ मध्ये असावी लागते आणि पत्त्यात देवनागरी अक्षरे असल्यास ती टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात लिहावी लागतात. मराठी संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

पानाचे महत्त्व आणि बदलाची वारंवारता सांगणाऱ्या खुणा गूगल विचारात घेत नाही. शेवटच्या बदलाची तारीख सातत्याने खरी असेल तरच तिचा उपयोग होतो. रोज आपोआप आजची तारीख टाकणे व्यर्थ आहे. यादीत नाव असले म्हणजे पान शोधयंत्राच्या अनुक्रमणिकेत येईलच असे नाही, आणि त्याने शोधनिकालांतील क्रमांकही वर चढत नाही.