दोन पायांचा शिकंजा

चाळिशी उलटली की माणसाला चष्मा लागतो, रक्तदाब लागतो आणि काहीतरी हातानं करण्याचा नाद लागतो. पहिल्या दोन्हींवर इलाज आहे, तिसऱ्यावर नाही. आमच्या बँकेत एकानं बागेचा नाद घेतला, एक जण पेटी शिकतो. मी घरात सुतारकामाची खोली थाटली. खोली म्हणजे मागची सहा बाय आठची पडवी. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. बी. कॉम. झालेला माणूस आधी अंदाजपत्रक करतो. ते मी केलं. मंडळींनी ते वाचलं आणि 'एवढ्यात तयार कपाट येतं' असा शेरा मारून परत पाठवलं.

पण नाद म्हटला की मागोमाग त्याचा इतिहासही येतो. मी हत्यारांच्या नावांपासून सुरुवात केली. आमचं कनेरगाव पडलं नाक्याचं गाव. अलीकडे हिंगोली, पलीकडे वाशीम. म्हणजे अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. १९४७ पूर्वी इकडे निजामाचा अंमल, तिकडे इंग्रजांचा. नाका म्हटला की माल थांबायचा, तपासला जायचा. सुताराच्या पिशवीतले शब्द मात्र कुठल्याच नाक्यावर थांबलेले दिसत नाहीत. करवत ही संस्कृत 'करपत्रा'ची नात. रंधा फारसीतला. काटकोन तपासायचा गुण्या तर पार ग्रीसचा! तिकडे 'गोनिया' म्हणजे कोन. तो इराणात जाऊन 'गूनिया' झाला आणि मजल दरमजल करत आमच्या मिस्त्रीच्या पिशवीत येऊन पडला. गिरमिट म्हणजे इंग्रजी 'गिमलेट'चा गावरान अवतार. चार मुलखांचा माल एका गोणपाटाच्या पिशवीत, आणि जकात शून्य!

हत्यारं जमली. मग खरा प्रश्न आला : लाकूड धरायचं कशात? करवत चालवायला एक हात पुरतो हो, पण लाकूड हलायला लागलं की दहा हात कमी पडतात. सुतारकामाचा निम्मा इतिहास हा लाकूड गप्प बसवण्याचा इतिहास आहे, असं माझं मत झालं आहे. युरोपातला सुतार उभ्यानं काम करणारा, म्हणून त्याला भक्कम टेबल लागलं. फ्रान्समधल्या रूबो नावाच्या सुतारानं १७६९ पासून या धंद्यावर भलामोठा ग्रंथ छापून काढला. त्यातल्या जाड फळीच्या टेबलाची नक्कल हौशी लोक अजून करतात.

त्याहून मला जवळचा वाटतो तो रॉन हिकमन. हा गृहस्थ लोटस मोटारींचा रचनाकार. १९६१ साली घरी कपाट करताना त्यानं लाकूड खुर्चीवर टेकवलं आणि करवत चालवली. लाकूड कापलं गेलं, त्याबरोबर खुर्चीही. आपल्याकडे यानंतर आठवडाभर अबोला झाला असता. त्यानं त्यातून एक घडीचं टेबल काढलं. त्याच्या दोन फळ्याच शिकंज्यासारख्या लाकूड चिमटीत धरतात. कंपन्यांनी ते नाकारलं. एकीनं सांगितलं, हे डझनावारी खपेल, शेकड्यांनी नाही. पुढं १९७२ मध्ये ब्लॅक अँड डेकरनं ते बाजारात आणलं आणि ते लाखांनी खपलं. नाकारणाऱ्यांविषयी मला राग नाही. मी बँकेत आहे. चांगला अर्ज नाकारायला काय लागतं, हे मला ठाऊक आहे.

आमच्या गावगाड्यात मात्र हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. बारा बलुतेदारांत सुतार पहिल्या ओळीतला. तिफण, वखर, जू, गाडीचं चाक, सगळं त्याच्याकडे. त्याचा कारखाना म्हणजे लिंबाची सावली. जमिनीवर बसायचं, लाकूड तळपायाखाली नाहीतर अंगठ्याच्या बेचक्यात धरायचं आणि वाकस चालवायची. कामागणिक बिल नाही. सुगीला खळ्यावर धान्य. वाचायला गोड वाटतं. पण पाऊस रुसला की खळं रिकामं, आणि खळं रिकामं म्हणजे सुताराची कणगीही रिकामी. जमाखर्चाच्या भाषेत, नफ्यात वाटा मोजून-मापून आणि तोट्यात सढळ हातानं. पुढं गाडीला टायर आले, शेतात लोखंडी अवजारं आणि ट्रॅक्टर आले. लाकडी औत गेलं, त्याबरोबर बलुतंही गेलं.

आमच्या आळीत एक म्हातारे मिस्त्री आहेत. माझं टेबल बघायला आले. त्यावर दोनदा थाप मारून म्हणाले, "झ्याक झालंय सायेब. कपबशी ठिवायला बरं." मग पिशवी खाली ठेवून फरशीवर बसले, फळी पायाखाली दाबली आणि रंधा मारला. कागदासारखी सलग साल निघाली. मी तसं बसून पाहिलं. वीस वर्षं बँकेच्या खुर्चीवर काढलेले गुडघे, ते वाकायला तयार होईनात. माझं टेबल म्हणजे माझ्या गुडघ्यांना मिळालेली पेन्शन आहे.

पडवीच्या सुधारणा त्यांनीच सुचवल्या. टेबल हात सोडून उभं राहिल्यावर मनगटाशी यावं. उजेड डाव्या अंगानं यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली रेघेवर पडत नाही. ओलं लाकूड घाईनं कापू नये. ते सुकताना आकसतं नि पिळतं. आणि नवीन हत्यार घेण्याआधी जुन्या पटाशीला धार लावावी. चौथी सूचना अंदाजपत्रकात बसली, म्हणून मंडळींना एकदम पटली.

त्यांचा मुलगा पुण्यात प्लायवूडची कपाटं बसवतो. कमाई चांगली. पण पायात लाकूड धरायचं तो शिकला नाही, आणि आता शिकून करायचं काय, हेही खरंच. पुस्तकात वाकसेचं चित्र राहील. अंगठ्यानं किती दाबायचं, ते कुठल्या पुस्तकात राहणार?

१७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे आमच्या मराठवाडा मुक्तिदिनीच, पीएम विश्वकर्मा योजना निघाली. अठरा कारागिरांत सुतार आहेच. हत्यारांसाठी पंधरा हजार, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाखाचं कर्ज, मग दोन लाखांचं. मिस्त्री चौकशीला आमच्या काउंटरवर आले. मी सवयीनं विचारलं, "धंद्याची जागा स्वतःची की भाड्याची?"

म्हाताऱ्यानं चपला काढून दोन्ही पाय पुढे केले. अंगठे बाहेर वळलेले, त्यांवर साठ वर्षांचे घट्टे.

"सोताचीच हाय की सायेब," ते म्हणाले. "जल्मापासून."