माणूस गेल्यावर घराचं काय?



गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटातल्या ताईंचे मालक अचानक वारले. आम्ही भेटायला गेलो तर दारात पै-पाहुणे बसलेले, आणि ताई आतल्या खोलीत हळूच विचारत होत्या, "दहाव्याला गटातून पाच हजार उचलता येतील का?" आम्ही लगेच दिले. पण ते कर्जच होतं, व्याजासकट फेडायचं. तेव्हापासून आमच्या मनात प्रश्न राहिला. अशा वेळी कर्ज नाही, तर हक्काचा पैसा देणारा गट कुणी कधी उभा केला होता का? केला होता. आज त्याचीच माहिती सांगतो.

अमेरिकेत न्यू हेवन नावाचं शहर आहे. आयर्लंडमधून पोटासाठी आलेली कॅथलिक माणसं तिथल्या कारखान्यांत राबत होती. आपल्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या कामाला देशभर गेली, तशीच ही माणसं परमुलखात गेलेली. कर्ता माणूस गेला की घर उघड्यावर यायचं. मायकल मॅकगिव्हनी हे तिथले तरुण धर्मगुरू. त्यांचे वडील पितळेच्या कारखान्यात ओतारी होते. 1873 साली वडील वारले, तेव्हा थोरल्या मायकलला शिक्षण सोडून घरी यावं लागलं. पुढे मदत मिळाली म्हणून ते शिकून धर्मगुरू झाले. बाप गेल्यावर आईची काय ओढाताण होते, हे त्यांनी स्वतःच्या घरात बघितलं होतं.

त्यांनी आपल्या चर्चमधल्या माणसांना जमवलं आणि 29 मार्च 1882 रोजी संस्थेची नोंदणी झाली. तिचं नाव नाइट्स ऑफ कोलंबस. नियम साधा होता. सभासद वारला की बाकीच्यांनी वर्गणी काढायची आणि ती त्याच्या बायकोच्या हाती द्यायची. गावोगावच्या शाखेला ते कौन्सिल म्हणत. पहिली कौन्सिल न्यू हेवनची, दुसरी पुढच्या वर्षी मेरिडन गावात झाली. मॅकगिव्हनी 1890 साली, अवघ्या 38 व्या वर्षी गेले. संस्था मात्र वाढत राहिली आणि आज तिचे लाखो सभासद आहेत.

असे गट आपल्या मुलखातही झाले. गोव्याच्या कॅथलिक खलाशांचे मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला 'कूड' आहेत. आपल्याकडे कूड म्हणजे काट्याकुट्यांची भिंत, पण कोकणीत कूड म्हणजे खोली. एकेका गावाचा एकेक कूड. जहाजावर काम मिळेपर्यंत माणूस थोड्या पैशात तिथं राहायचा. ओळीनं पेट्या ठेवलेल्या, भिंतीशी देव्हारा, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. आपल्या साताऱ्याकडची माणसं गिरणीत गेली, तेव्हा त्यांनीही गिरणगावात गावाच्या खोल्या केल्याच होत्या. पाळी बदलली की झोपायची जागा बदलायची. देव वेगळा होता, पण नड एकच होती.

तिसरं उदाहरण वसईचं. तिथले कॅथलिक आपल्यासारखेच मराठी बोलणारे, केळी आणि पानवेलींच्या बागा करणारे. 1918 साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकारानं तिथं कॅथलिक पतपेढी सुरू झाली. पुढे तिचीच बँक झाली. पापडीची ही बॅसीन कॅथलिक बँक आजही चालू आहे. म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली.

या तिन्ही ठिकाणी एकमेकांना ओळखणारी माणसं एकत्र आली, आणि म्हणून गट टिकले. पण दोन गोष्टी आम्हाला खटकल्या.

पहिली म्हणजे, नाइट्समध्ये सभासद पुरुषच, आणि कूडही पुरुषांचे. पैसा बाईच्या हाती आला, पण सभेत तिला जागा नव्हती. नवरा सभासद होता म्हणून तिला मिळालं. आपल्या गटात मात्र बाई स्वतः सभासद आहे. हे आपण थोडं समजू नये.

दुसरी गोष्ट वर्गणीची. नाइट्समध्ये सुरुवातीला तरुण आणि म्हातारा यांची वर्गणी सारखीच होती. पुढे वयाप्रमाणे वर्गणी ठरवावी लागली. आमच्या बैठकीतही हाच वाद झाला. एक तरुण सून म्हणाली, "म्हाताऱ्या जास्त, भरायचं मात्र आम्ही?" बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं.

मग आम्ही दोन वाटा केल्या. 18 ते 50 वयाच्या प्रत्येकीनं बँकेतून जीवन ज्योती विमा काढायचा, वर्षाला 436 रुपये. अपघाताचा सुरक्षा विमा 70 वर्षांपर्यंत निघतो, वर्षाला 20 रुपये. दोन्हींत 2 लाखांचं संरक्षण आहे. पण पन्नाशी उलटलेल्या बाईला जीवन ज्योतीत नव्यानं नाव घालता येत नाही. तिच्यासाठी गटाची वेगळी पेटी केली. घरात मयत झालं की प्रत्येकीनं 50 रुपये द्यायचे. ते कर्ज नाही, परत मागायचे नाहीत. ठराव इतिवृत्तात लिहिला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. वाद घालणाऱ्या त्या सुनेनंच तो मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, "माझी सासू याच गटात आहे, आणि उद्या मीही पन्नाशीची होणारच."

रक्कम लहान आहे, हे आम्हाला माहीत आहे. वीस जणींच्या गटात हजार रुपयेच जमतात. पण ते दहाव्याच्या आधी, न मागता दारात पोचतात. ताईंना त्या दिवशी आत बसून हळूच विचारावं लागलं, तसं आता कुणाला विचारावं लागणार नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीच्या पासबुकावर आणि विम्याच्या कागदावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे, ते मोठ्यानं वाचा. काही ठिकाणी ती जागा कोरी निघेल. ती त्याच दिवशी भरून घ्या.