हायपोचं पाणी

फोटो काढणं सोपं, टिकवणं कठीण, हे मला आमच्या न्हाणीघरानं शिकवलं. १९९६ साली बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना मी तिथं डार्करूम थाटली. खिडकीला घोंगडी, वर तांबडा दिवा, पाटावर तीन ट्रे आणि मित्राकडून मागून आणलेला एन्लार्जर. निगेटिव्हमधून कोऱ्या कागदावर काही सेकंद उजेड पाडायचा आणि कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा. बघता बघता आजी वर यायची. आधी डोळे, मग कपाळावरचं कुंकू, शेवटी सुरकुत्या. मधल्या ट्रेत एक बुडी, आणि मग हायपो.

या हायपोची हकिकत ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडात टॉमस वेजवुडनं चांदीच्या क्षारावर पानाफुलांच्या सावल्या उमटवल्या. ते वृत्त १८०२ साली छापून आलं. पण उजेडात नेलं की उरलेला कागदही काळा! म्हणून चित्र अंधारात ठेवायचं आणि मेणबत्तीशी चोरून बघायचं. पुढे टॅलबटनं १८३५ साली आपल्या घराच्या खिडकीची निगेटिव्ह केली आणि ती टिकवायला वापरलं मिठाचं दाट पाणी. लोणचं टिकतं, तर चित्र का नाही?

गंमत म्हणजे खरं औषध तयारच होतं. चांदीचे क्षार हायपोत विरघळतात, हे जॉन हर्शेलला १८१९ पासून ठाऊक होतं. ते टॅलबटला कळलं १८३९ साली, हर्शेलकडूनच! एका टेबलावरचा कागद शेजारच्या टेबलावर जायला वीस वर्षं लागली, हे वाचून मला आमच्या बँकेचा पहिल्यांदाच अभिमान वाटला. रसायनवाल्यांनी पुढे त्याचं नाव सुधारून थायोसल्फेट केलं. पण दाखल्यावर काहीही असो, घरी बंड्या तो बंड्याच.

मात्र हा बंड्या काम झाल्यावर घरात राहता कामा नये. फोटो का विटतात हे शोधायला लंडनमध्ये १८५५ साली चक्क एक समिती बसली. राणीच्या यजमानांनी, म्हणजे प्रिन्स अल्बर्टनी, तिला पन्नास पौंड दिले. समितीनं मुख्य गुन्हेगार पकडला: नीट न धुतल्यामुळे कागदात उरलेला हायपो.

माझ्या जाड कागदाला तासभर वाहतं पाणी हवं होतं. आमच्या नळाला सकाळी मिळून तासभरच पाणी यायचं. वीस मिनिटं झाली आणि आजी कळशी घेऊन दारात उभी.

"अरे, माझं तोंड किती वेळ धुशील? तिकडे तुळस सुकलीय!"

मी नळ सोडला.

आज आजी नाही. निगेटिव्ह घर बदलताना हरवली. उरलेला तो एकच फोटो कडांपासून पिवळा पडत चाललाय, कुंकवापर्यंत आलाय. बँकेतला फरक रात्री दहापर्यंत बसून जुळवता येतो. ही चाळीस मिनिटं काही जुळत नाहीत.

तुळस मात्र त्या वर्षी चांगली तरारली होती. जमेच्या बाजूला तेवढं मांडून ठेवतो.