‘शोषणे’ : एका क्रियापदाचा अर्थपालट

आज मराठीत ‘शोषण’ म्हटले की दोन पक्ष डोळ्यांपुढे येतात : ज्याचे सत्त्व जाते तो आणि ज्याच्याकडे ते जाते तो. या दुसऱ्या पक्षाचा मूळ धातूत मागमूस नाही. संस्कृत ‘शुष्’ म्हणजे वाळणे. ‘शोषय’ हे त्याचे प्रयोजक, म्हणजे वाळविणे. फारसी ‘खुश्क’ हा ‘शुष्क’चाच सगोत्र होय. ‘खुष्कीचा मार्ग’ म्हणणारा मराठी माणूस नकळत ‘सुक्या’चा भाऊबंदच योजीत असतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील प्रयोग बोलके आहेत. अर्जुन आपल्या शोकाला इंद्रियांचे ‘उच्छोषण’ करणारा म्हणतो. पुढे, वारा आत्म्याला शोषवू शकत नाही, असे विधान येते. शोक काय किंवा वारा काय, शोषवितो. पण स्वतः पुष्ट होत नाही. वैद्यकातही तेच. अमरकोशात ‘क्षय’, ‘शोष’ व ‘यक्ष्मा’ एकमेकांचे पर्याय आहेत. रसादी धातू सुकवितो म्हणून तो ‘शोष’, असे सुश्रुतसंहिता सांगते. आपल्याकडे घशाला जो ‘शोष पडतो’, तो याच जुन्या थरातला.

मग घेणारा आला कोठून? ‘सूर्य पाणी शोषतो’ या वाक्यात वाळविणे आणि ओढून घेणे हे दोन्ही अर्थ मावतात. पालट अशाच प्रयोगांतून झाला असावा. मराठीत त्याला ‘घेणे’ या सहायक क्रियापदाने पक्के केले. टीपकागद शाई ‘शोषून घेतो’. येथे ओलावा नाहीसा होत नाही, त्याला नवा धनी मिळतो. विसाव्या शतकातील सामाजिक विचाराला नेमका हाच अर्थ हवा होता. त्यामुळे ‘शोषण’ ही केवळ परकीय संज्ञेची छाया होय, हे मत अर्धेच खरे. 1950 साली अमलात आलेल्या संविधानातील 23 व 24 या अनुच्छेदांच्या मथळ्यात, मराठी पाठात, ‘शोषणाविरुद्ध हक्क’ हेच शब्द आहेत.

‘पिळवणूक’ हा शब्द त्याच्या शेजारी नांदतो, पण तो समानार्थी मानणे बरे नव्हे. ‘पिळणे’ हे ‘पीड्’पासूनचे, त्यात चरकाचा दाब दिसतो. शोषणात दाब दिसेलच असे नाही. कोरडेपणा मात्र मागाहून दिसतो. ‘शोषित’ या रूपाचा संस्कृतातील अर्थ ‘वाळविलेला’ एवढाच होता. आज ते एका समाजवर्गाचे नाव आहे.