गोंगाट आणि बाष्प : औद्योगिक द्रावके, मज्जासंस्था व श्रवणहानी यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

कारखान्यातील कामगाराला कमी ऐकू येऊ लागले, की त्याचे कारण यंत्रांच्या गोंगाटात शोधले जाते. हे स्वाभाविक असले तरी पुरेसे नाही. रबर, कृत्रिम धागा, रंग, छपाई इत्यादी उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या सेंद्रिय द्रावकांची बाष्पेही श्रवणशक्तीस बाधक ठरतात, हे आता मान्य झाले आहे. द्रावकांमुळे मज्जासंस्थेला होणारी इजा १८५६ मध्येच नोंदली गेली होती. असे असता कानावरील परिणामांचा पद्धतशीर अभ्यास सुरू होण्यास सव्वाशे वर्षे का लागली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रबर उद्योग आणि पहिली नोंद

अलेक्झांडर पार्क्स यांनी १८४६ मध्ये रबराच्या शीत व्हल्कनीकरणाची पद्धत शोधली. तीत कार्बन डायसल्फाइड हे अत्यंत बाष्पनशील द्रावक वापरले जाई. पॅरिसमधील लहान, कोंदट कार्यशाळांत फुगे व तत्सम वस्तू बनविणाऱ्या कामगारांची तपासणी ओग्यूस्त देल्पेश या वैद्याने केली. डोकेदुखी, अकारण उत्तेजना, स्मृतिभ्रंश आणि हातापायांतील दुर्बलता ही लक्षणे त्यांनी १८५६ मध्ये वैद्यकविश्वापुढे मांडली आणि १८६३ मध्ये त्यांचे सविस्तर विवेचन केले. या साऱ्या लक्षणांचे मूळ त्यांनी द्रावकाच्या विषबाधेत शोधले होते.

पुढे या निदानाला वेगळे वळण लागले. १८८८ मध्ये मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी रबर कारखान्यातील एका कामगाराचा आजार हिस्टेरियाच्या चौकटीत बसविला. त्यामुळे कारखान्यातील हवेऐवजी कामगाराच्या मूळ प्रकृतीकडेच लक्ष वळले. दोष कोणाचा, परिस्थितीचा की व्यक्तीचा, हा वाद येथून सुरू झाला.

रेयॉन ते रंगकाम

१८९२ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिस्कोज प्रक्रियेचे पेटंट घेतले गेले आणि कार्बन डायसल्फाइडचा वापर रेयॉन उद्योगात पसरला. अमेरिकेत अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील रेयॉन कामगारांची पाहणी झाली. मनोविकार व मज्जातंतूंची हानी यांचे पुरावे तीतून पुढे आले. फिनलंडमध्ये हेलेना हॅनिनेन यांनी १९७१ मध्ये व्हिस्कोज कामगारांवरील मानसशास्त्रीय चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उघड आजार दिसण्यापूर्वीच बौद्धिक क्षमतेत बदल होतात, हे त्यांनी दाखविले. स्कँडिनेव्हियन देशांत रंगाऱ्यांच्या दीर्घकालीन मेंदूविकाराची चर्चा वाढली आणि १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कोपनहेगन बैठकीत निदानाचे निकष ठरविण्यात आले.

कानाकडे लक्ष

या प्रदीर्घ चर्चेत कान मात्र दुर्लक्षित राहिला. जेथे द्रावक होते, तेथे बहुधा यंत्रांचा आवाजही होता, आणि बहिरेपणाचे श्रेय आपोआप आवाजाकडे गेले. १९८३ मध्ये प्रायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोल्यूइनच्या संपर्कातील उंदरांना श्रवणहानी होते, हे सिद्ध केले. टोल्यूइन, स्टायरीन यांसारखी द्रावके रक्तावाटे कानाच्या शंखापर्यंत पोहोचून तेथील बाह्य केशपेशी नष्ट करतात, असे पुढील प्रयोगांतून स्पष्ट झाले.

माणसांबाबतचा एक लक्षणीय पुरावा स्वीडनमधून आला. बर्गस्ट्रॉम व नायस्ट्रॉम यांनी १९८६ मध्ये वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष मांडले. रासायनिक विभागातील आवाज ८० ते ९० डेसिबल, म्हणजे इतर विभागांतील ९५ ते १०० डेसिबलपेक्षा कमी होता. तरीही तेथे २३ टक्के कामगारांत लक्षणीय श्रवणहानी आढळली. इतरत्र हे प्रमाण ५ ते ८ टक्के होते. ब्राझीलमध्ये थाइस मोराता यांनी १९८९ मध्ये रेयॉन कामगारांवरील गोंगाट व कार्बन डायसल्फाइड यांच्या एकत्रित परिणामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या श्रवणचाचणीच्या आलेखावरून मात्र आवाजाची इजा आणि द्रावकाची इजा वेगळी ओळखता येत नाही. शिवाय द्रावकाची बाधा मेंदूतील श्रवणमार्गालाही होत असल्याने, आवाज ऐकू येऊनही बोलणे नीट उमगत नाही, अशी तक्रार उद्भवू शकते.

कायद्याची चौकट

युरोपीय संघाच्या २००३ च्या गोंगाटविषयक निर्देशाने आवाज व श्रवणघातक रसायने यांच्या परस्परक्रियेचा विचार करणे मालकांवर बंधनकारक केले. आपल्याकडे कल्याणजवळ शहाड व मोहोने येथे रेयॉन उद्योग उभा राहिला, तेव्हा १९४८ चा कारखाने अधिनियम अस्तित्वात होता. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कार्बन डायसल्फाइडची विषबाधा आणि गोंगाटजन्य श्रवणहानी हे दोन्ही आजार आले, परंतु स्वतंत्र बाबी म्हणून. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतील यादीतही ही विभागणी कायम आहे.

समारोप

एकोणिसाव्या शतकात विषबाधेचे खापर कामगाराच्या प्रकृतीवर फुटले, तर विसाव्या शतकात द्रावकाचा दोष आवाजाच्या माथी गेला. दोन्ही वेळा हवेतील बाष्प नामानिराळे राहिले. द्रावकबाधित कामगाराच्या कानात बोळे घातले, तरी श्वासावाटे जाणारे विष थांबत नाही. म्हणून श्रवणतपासणीच्या नोंदीत कामगार कोणत्या आवाजात राहिला याबरोबरच त्याने कोणती हवा श्वासात घेतली, हेही लिहिले जाणे अगत्याचे आहे.